म्हातारी अकरा वेळा उठली

*प्रिय ताई,*
*मी २४ वर्षांची आहे. सिनेमातल्या दृश्य-करामती (व्हीएफएक्स) करणाऱ्या एका कंपनीत कंपॉझिटिंग करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या शॉटमधल्या तारा आणि आधाराच्या दांड्या पुसते. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी घरी स्टॉप-मोशन करते, म्हणजे बाहुली केसभर हलवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा हलवायची. दोन वर्षांपासून नऊ मिनिटांची एक फिल्म चालू आहे. एक म्हातारी रात्री उठते आणि घरभर आपला चष्मा शोधते. आतापर्यंत ३८ सेकंद झालेत. म्हातारी खुर्चीतून उठते तो पहिला शॉट अकरा वेळा केला, तरी अजून मनासारखा जमत नाही. ऑफिसातले म्हणतात, हे सगळं आता संगणक करतो, उद्या त्यालाही शिकवावं लागणार नाही, तू मेलेल्या कलेत वर्षं घालवतेयस. आई म्हणते, बाहुल्यांशी खेळायचं वय गेलं. नोकरी सोडून यातच उतरू का? की हेच सोडून देऊ?*
*– बोटांना माती*

तुझं पत्र वाचलं आणि आधी खुर्चीतून उठून पाहिलं. तूही बघ. पाठ ताठ ठेव, पाय पुढे ठेव आणि न वाकता उठायचा प्रयत्न कर. उठताच येत नाही. आधी पावलं खुर्चीखाली मागे सरकतात, मग धड पुढे झुकतं, नाक जवळजवळ पायाच्या बोटांवर येतं आणि मग कुठे बूड सुटतं. म्हातारं माणूस असेल तर हात त्याआधीच गुडघ्यांवर किंवा खुर्चीच्या हातांवर टेकलेले असतात. पुष्कळदा पहिला झोका वाया जातो, माणूस परत बसतो, दम घेतो आणि दुसऱ्या झोक्याला उठतो. तुझी म्हातारी सरळ वर जात असेल, तर ती उठत नाहीये, तिला कुणीतरी उचलतंय. आणि ते प्रेक्षकाला कळतं. कसं कळतं हे त्याला सांगता येणार नाही, पण कळतं.

म्हणजे पहिला शॉट तू या धंद्यातल्या अवघड शॉटांपैकी निवडलास. अकरा वेळा करावा लागला यात लाजण्यासारखं काही नाही. पण एक विचारते. अकराच्या अकरा वेळा तू हाताने सुधारणा करत होतीस, की एकदा तरी बाहुली उघडून पाहिलीस? झुकलेल्या अवस्थेत सगळा भार घोट्यांवर येतो. घोट्याचा सांधा ढिला असेल, तर फोटो घेऊन तू संगणकाकडे वळेपर्यंत म्हातारी केसभर खाली बसते, आणि पडद्यावर ती थरथरते. घोटे सगळ्यात घट्ट, त्याखालोखाल कंबर, मान आणि मनगटं त्यामानाने हलकी, असं ठेवून बघ. सांगाडा नुसत्या ॲल्युमिनियमच्या तारेचा असेल, तर अकरा वेळा वाकवल्यावर गुडघ्यातली तार थकलेली असणार, ती आता तुटायचीच वाट बघतेय. पावलं टेबलाखालून स्क्रूने आवळतेस ना? आणि मधल्या चार-पाच पोझना पाठीमागून एक दांडी लाव. दांड्या पुसायचा पगार तुला मिळतोच, स्वतःच्या म्हातारीची एक पुसलीस तर काय बिघडलं!

आता तुझ्या प्रश्नांकडे येते. आधी ऑफिसातल्यांचा मुद्दा घेऊ, कारण तो पूर्ण खोटा नाही.

फिल टिपेट हे नाव तुला माहीत असेलच. खऱ्या माणसांच्या सिनेमात बाहुलीचा प्राणी आणून उभा करणं हे त्याचं काम. साध्या स्टॉप-मोशनमध्ये प्रत्येक फोटो स्थिर बाहुलीचा असतो, त्यामुळे प्रत्येक फ्रेम लख्ख येते. पळणाऱ्या खऱ्या कुत्र्याचा फोटो मात्र पुसट येतो. डोळ्याला तो फरक खटकतो. टिपेट आणि त्याच्या सोबत्यांनी यावर तोड काढली, फोटो घेतला जात असतानाच मोटरीने बाहुली किंचित हलवायची. त्याला ते गो-मोशन म्हणत, आणि १९८१ च्या ‘ड्रॅगनस्लेयर’मधला ड्रॅगन असा हलला. पुढे ‘ज्युरासिक पार्क’चे डायनोसॉर टिपेट याच रीतीने हलवणार होता. मग संगणकावाल्यांनी चालणाऱ्या टी-रेक्सची एक चाचणी करून दाखवली. ती पाहून टिपेट म्हणाला, आता मीच नामशेष झालो. दिग्दर्शक स्पीलबर्गने ते वाक्य उचलून सिनेमातल्या पात्राच्या तोंडी घातलं.

बहुतेक लोक गोष्ट इथे संपवतात. तुझे ऑफिसातलेही इथेच थांबले असणार. पण टिपेट त्या सिनेमातून बाहेर पडला नाही. संगणकावरच्या मुलांना प्रोग्राम येत होता, पण काही टन वजनाचा प्राणी पाऊल टाकतो तेव्हा आधी खांदा खाली जातो की मान पुढे येते, ते येत नव्हतं. ते टिपेटला येत होतं. तो डायनोसॉरांच्या हालचालींचा देखरेखदार झाला. ॲनिमेटरांना मूकाभिनयाचे (माइमचे) धडे दिले, उठवून चालायला लावलं. बाहुलीच्या सांगाड्याच्या सांध्यांत सेन्सर बसवून एक उपकरण तयार झालं. जुन्या हातांनी सांगाडा हलवायचा आणि संगणकातला प्राणी तसा हलायचा. काही शॉट तसे झाले. १९९३ च्या त्या सिनेमाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, त्या चार नावांत टिपेटचं नाव आहे.

आता कडू भाग. खऱ्या माणसांच्या सिनेमात बाहुलीचा राक्षस आणायचा तो धंदा त्या वर्षी जवळजवळ बंद झाला, तो झालाच. तुझ्या डोक्यात ते स्वप्न असेल तर काढून टाक. पण त्याच १९९३ मध्ये ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ हा पूर्ण लांबीचा स्टॉप-मोशन सिनेमा आला, आणि तिथून स्टॉप-मोशन दुसऱ्या कुणाच्या सिनेमातली करामत न राहता स्वतःच सिनेमा म्हणून उभं राहिलं. २००९ च्या ‘कोरालाइन’मध्ये बाहुल्यांचे बदलायचे चेहरे थ्री-डी प्रिंटरवर काढले, म्हणजे ज्या यंत्राने मारलं म्हणतात तेच हाताखाली आलं. मातीच्या माणसाचा आणि कुत्र्याचा ‘वॉलेस अँड ग्रॉमिट’चा पूर्ण लांबीचा सिनेमा २००५ चा, तो ऑस्कर घेऊन गेला. गियेर्मो देल तोरोचा ‘पिनोकियो’ २०२२ चा, तोही. मेलेल्या कलेचं हे बरं चाललंय म्हणायचं. पुढच्या वीस वर्षांचं मला विचारू नकोस, राशिभविष्याचं सदर शेजारच्या पानावर असतं.

आणि ऑफिसातल्यांना एवढं मात्र विचार, की संगणकाच्या बाजूला तरी कुणाची खुर्ची पक्की आहे? फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि दोन आठवड्यांच्या आत त्याच वाघासाठी ऑस्कर घेतलं. या क्षेत्रात काम प्रकल्पागणिक येतं आणि प्रकल्पाबरोबर संपतं, बाहुली मातीची असो की पिक्सेलची. त्यामुळे सुरक्षिततेच्या तराजूत या दोन गोष्टी तोलू नकोस. हाती काही लागणार नाही.

हे झालं त्यांचं. तुझ्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच.

हिशोब मांडते. सेकंदाला २४ फ्रेम, एक पोझ दोन फ्रेम धरली तर सेकंदाला बारा पोझ. नऊ मिनिटं म्हणजे ५४० सेकंद, म्हणजे ६,४८० पोझ. तू एका सुट्टीत चार सेकंद काढलेस, एकही शॉट पुन्हा केला नाहीस, आजारी पडली नाहीस, कुणाच्या लग्नाला गेली नाहीस, तरी १३५ आठवडे होतात. आणि तू दोन वर्षांत ३८ सेकंद केलेस. या वेगाने म्हातारीला चष्मा सापडेपर्यंत तुलाच लागलेला असेल.

तू संगणकाची भीती लिहिली आहेस खरी, पण तुझी फिल्म संगणकाने अडवलेली नाही. ती अकराव्या टेकने अडवली आहे.

पुढे स्टॉप-मोशनमध्ये मोठं नाव झालेला रे हॅरीहाउसेन १३ वर्षांचा असताना, १९३३ मध्ये, त्याने महाकाय वानराचा ‘किंग काँग’ पाहिला आणि मुलगा कामातून गेला. काँगची बाहुली हलवणाऱ्या विलिस ओ’ब्रायनला तो भेटला, आपली बाहुली दाखवली. ओ’ब्रायन म्हणाला, तुझ्या डायनोसॉरचे पाय सुरकुतलेल्या सॉसेजसारखे दिसतात, जा, शरीररचना शिक. मुलगा मुकाट्याने संध्याकाळच्या वर्गांना जाऊ लागला. मग त्याने पृथ्वीवरच्या जीवसृष्टीच्या उत्क्रांतीवर एक भली मोठी फिल्म एकट्याने घरात सुरू केली. १९४० मध्ये डिस्नेचा ‘फँटेशिया’ आला, त्यात नेमके तेच डायनोसॉर, आणि हॅरीहाउसेनने आपली फिल्म बंद केली. तुझ्यासारखंच ते काम होतं, एका माणसाला न पेलणारं. पण त्यातले जे थोडे शॉट झाले होते, ते पूर्ण झालेले होते. तेच दाखवून त्याला बाहुलीपट काढणाऱ्या जॉर्ज पालकडे काम मिळालं. सैन्यातून परतल्यावर मुदत संपलेल्या १६ एमएम फिल्मवर त्याने मुलांच्या गोष्टींच्या छोट्या छोट्या फिल्म केल्या, आणि या खेपेला पुऱ्या केल्या. १९४९ च्या ‘मायटी जो यंग’मध्ये तो ओ’ब्रायनच्या हाताखाली होता आणि बरंचसं ॲनिमेशन त्यानेच केलं.

आता आईचं. हॅरीहाउसेनच्या घरी त्याचे यांत्रिकी काम जाणणारे वडील सांगाड्यांचे सांधे करून देत, आणि त्याच्या पहिल्या अस्वलाचं कातडं आईच्या फरच्या कोटातून आलं. प्रत्येक घर असं नसतं, मान्य. पण तुझ्या आईने दोन वर्षांत पाहिलंय काय? एक बाई खुर्चीतून उठते, पुन्हा उठते, पुन्हा उठते. मीही खेळच म्हटलं असतं.

आपल्या फाळक्यांचंच बघ ना. १९१२ मध्ये पैसा उभा करायला निघाले तेव्हा त्यांनी कुणापुढे पौराणिक महापटाची स्वप्नं वाचली नाहीत. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि रोप वाढेल तसतशी फ्रेम-फ्रेम घेतली. ‘अंकुराची वाढ’. मिनिटभराची गोष्ट, पण पुरी. ती पाहून पैसे देणारे पुढे आले आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. रोपाने पान वाकडं काढलं म्हणून त्यांनी दुसरा वाटाणा पेरला नाही. (पेरला असेलही, पण आपल्याला दाखवला तो एकच!)

चुका तर सगळ्यांच्या राहिल्या. काँगच्या अंगावर सशाचं कातडं होतं. बाहुली हलवताना बोटं लागायची, केस दबायचे, आणि पडद्यावर त्याची लव सतत सळसळते. ती चूकच. पण पाहणाऱ्यांना वाटलं, प्राणी रागाने फुललाय. १९५५ च्या एका सिनेमासाठी हॅरीहाउसेनला महाकाय ऑक्टोपस करायचा होता आणि पैसे तुटपुंजे होते, म्हणून त्याला सहाच हात दिले. दोन हातांचे सांधे वाचले, प्रत्येक पोझमागे दोन हात हलवायचे वाचले. प्राणी पूल उखडत असताना कोण हात मोजतंय? मला हा ऑक्टोपस फार आवडतो. तुझ्या म्हातारीचं काय काय कमी करता येईल ते बघ. तिने लांब साडी नेसली असेल किंवा पायघोळ झगा घातला असेल, तर पाय दाखवायची गरजच काय? खोल्या किती? मला वाटतं, एक पुरे.

तू मला उलटी उदाहरणं देणार, म्हणून आधीच सांगते. ‘वॉलेस अँड ग्रॉमिट’वाल्या निक पार्कने त्यांची पहिली फिल्म ‘अ ग्रँड डे आउट’ १९८२ मध्ये विद्यार्थी असताना सुरू केली आणि ती १९८९ मध्ये संपली. खरं आहे, पण अर्ध्या वाटेवर तो आर्डमन स्टुडिओत गेला, मदतीला हात मिळाले, आणि दरम्यान त्याने दुसऱ्यांची पुष्कळ कामं पुरी केली. टिपेटची ‘मॅड गॉड’ तीस वर्षं रखडून २०२१ ला आली. तोवर त्याच्या नावावर केवढी पूर्ण कामं होती ते बघ. हॅरीहाउसेनचीही एक ससा-कासवाची फिल्म १९५२ ला सुरू होऊन २००२ ला संपली, तीही दोन तरुण ॲनिमेटर मदतीला आले म्हणून. त्यांना रखडवणं परवडलं. तुझ्याकडे अजून दाखवायला एक मिनिट नाही.

तर नोकरी. सोडू नकोस. आईला बरं वाटावं म्हणून नव्हे, तर तू जे पुसतेस ते स्टॉप-मोशन स्टुडिओंना रोज लागतं म्हणून. उडी मारणारी बाहुली दांडीवर असते, चेहऱ्याचे सुटे भाग बसवले की कपाळावर सांध्याची रेघ दिसते, आणि हे सगळं कुणीतरी शॉटगणिक काढत बसतं. हे काम करणाऱ्या आणि शिवाय बाहुली कशी उभी राहते हे माहीत असलेल्या माणसाला स्टुडिओत दोन दारं उघडी असतात. शिवाय ‘स्टॉप-मोशन कलाकार’ म्हणजे ॲनिमेटरच, हा समज सोड. मोठ्या सिनेमाच्या युनिटमध्ये सांगाडा करणारे, साचे घेणारे, केस रोवणारे, बोटभर कपडे शिवणारे, सेट आणि लाइट करणारे मिळून ॲनिमेटरांपेक्षा संख्येने जास्त असतात. ॲनिमेटर आठवड्याला काही सेकंद काढतो. त्या सेकंदांच्या मागे बाकीचे महिने घालवतात. मी स्वतः बाहुल्या हलवायला म्हणून या धंद्यात आले आणि बरीच वर्षं सांधे घासत बसले. मला ते आवडलं. तुला कदाचित साचे आवडतील, कदाचित काहीच नाही. पण विचारून तरी बघ स्वतःला.

साच्यांवरून आठवलं. साच्यांसाठी प्लॅटिनम सिलिकॉन (रबरासारखं ओतायचं द्रव्य) वापरायला घेशील तेव्हा मूर्तीची माती गंधकाची नाही ना, ते आधी पाहा. गंधक लागलं की सिलिकॉन सुकत नाही, चिकट राहतं ते राहतंच. माझं आठवड्याचं काम असं एका रात्रीत डिंक झालं होतं. आणि रेझिन, फोम ओतताना खिडकी उघडी, हातमोजे आणि रसायनांची वाफ अडवणारा मास्क, साधा कापडी नव्हे. पुट्टी घासतानाही धुळीसाठी मास्क लाव. फुप्फुसं दुसरी मिळत नाहीत, त्यांचा साचा घेता येत नाही.

आता काय करायचं ते. नऊ मिनिटांची फिल्म कागदावर ठेव, फाडू नकोस. तिच्यातून एक मिनिट काढ: म्हातारी उठते, चष्मा शोधते, तो तिच्या डोक्यावरच असतो, ती परत बसते. (तुझ्या मनात याहून चांगला शेवट असेल, तर तो.) अकरांपैकी तुला सगळ्यात कमी वाईट वाटतो तो टेक निवड आणि लावून टाक. पुढच्या प्रत्येक शॉटला दोनच संधी, आणि दुसरी मोडली तर पहिली वापरायची. तीन महिन्यांची तारीख ठरव आणि ती आईला सांग, ऑफिसात नको. मिनिट झालं की ज्या स्टुडिओंचं काम तुला आवडतं तिथे पाठव, आणि सोबत शोरीलमध्ये, म्हणजे आपल्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या छोट्या फिल्ममध्ये, तुझे पुसलेले शॉट आधीचे आणि नंतरचे असे शेजारी शेजारी ठेव. त्यावर कुणी सॉसेजसारखं काही बोललं तर ते लिहून ठेव. गुळमुळीत कौतुकापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

बारीकसारीक तीन गोष्टी आणि मग थांबते. प्रत्येक शॉट सुरू करण्याआधी बाहुली नसलेल्या सेटचा एक फोटो घे. दांडी पुसताना मागे काय होतं ते तिथून मिळेल. दिवसा तू हेच दुसऱ्यांकडे मागतेस आणि ते मिळत नाही म्हणून चिडतेस, हे मी न विचारता सांगू शकते. दुसरं, तुझ्या ३८ सेकंदांत उजेड लुकलुकत असेल, तर लेन्सचं छिद्र प्रत्येक फोटोला किंचित वेगळं मिटतंय. हाताने छिद्र लावायची जुनी लेन्स शोध, खिडकी झाक, गडद कपडे घाल आणि फोटो घेताना दर वेळी एकाच जागी उभी राहा. तिसरं, ट्रायपॉडचे पाय जमिनीला गरम गोंदाने चिकटव. आजच चिकटव. बाराव्यांदा म्हातारीला उठवायची वेळ आली, तर ती निदान तुझा पाय लागल्यामुळे यायला नको.